क्षमाधिकार : उपयोग व वेग

राज्यघटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि कलम १६१ नुसार राज्यपालांना शिक्षा माफ करता येते. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे सही राज्यपालांची, मर्जी मंत्रालयाची. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदलातील कमांडर नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. राज्यपालांनी ती त्याच दिवशी स्थगित केली. १९६४ मध्ये माफीही मिळाली. मारला गेलेला माणूस सिंधी होता; म्हणून समतोल राखण्यासाठी दुसऱ्या प्रकरणातील एका सिंधी व्यापाऱ्यालाही मिळाली. बालहत्यांसाठी फाशी सुनावलेल्या रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या दयेच्या अर्जांवर मात्र वर्षानुवर्षे निर्णय झाला नाही. अखेर अर्ज फेटाळले गेले, आणि २०२२ मध्ये याच दिरंगाईपायी त्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. म्हणून क्षमेचा अधिकारच रद्द करण्याचे कारण नाही. केमसारख्या गावातल्या कुंकू कारखान्यातील मजुराचा अर्जही कमांडरसाहेबांच्या वेगाने निघावा, एवढी अट पुरे.