दारातला डोंगर

रिमोटवरची, एकास दहा मापाची रॉक क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी खेळण्यातली गाडी, घेतली की परदेशातल्या हौशी माणसाला आधी डोंगर शोधावा लागतो, नाहीतर परसात दगड रचावे लागतात. बिचारे! लातूर-नांदेडकरांना ही सोय थेट दारातल्या रस्त्यावर, तीही घरपट्टीतच धरलेली.

आमच्या गल्लीतल्या एका पोराने मग सोयीला साजेशी तयारी केली. गाडीसोबत आलेल्या, आस चासीला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या लिंक काढल्या. लेथवाल्या काकांकडे 6 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा गज हॅक्सॉने कापला, टोकांना अडीच मिलिमीटरचं ड्रिल मारून 3 मिलिमीटरचे आटे पाडले. खालच्या लिंक वाइसमध्ये धरून जराशा वर वाकवल्या, म्हणजे दगडावर अडकत नाहीत. चासीच्या दोन पट्ट्यांना पीळ पडू नये म्हणून मधे आडवा ब्रेस. काकांनी पैसेच घेतले नाहीत. म्हणाले, "लेकरा, माझ्या स्कूटरला असलं काही बसतंय का बघ की."

उद्घाटनाला संबंधित खात्याचे साहेब आयतेच लाभले. खड्ड्याबद्दलच्या तिसऱ्या अर्जावर पाहणीला आले होते. गाडी खड्ड्यात उतरली, दिसेनाशी झाली, खडी खरवडत पलीकडच्या काठावर उगवली. टाळ्या पडल्या. साहेबांनी चष्मा चढवला आणि जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवून शेरा मारला: "समक्ष पाहणी केली. चारचाकी वाहन विनाअडथळा पार झाले. रस्ता वाहतुकीस योग्य. अर्ज निकाली."

सध्या लेथवर रांग आहे. माझी स्कूटी सातवी.