मा. परीक्षक महोदयांस, सादर संताप

मा. परीक्षक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘माझी आवडती कादंबरी’ या वक्तृत्व स्पर्धेसाठी आपण वेळात वेळ काढून आलात, शाल-श्रीफळ स्वीकारलंत, आणि सातवीतल्या एका मुलीला भर मांडवात माइकवरून विचारलंत, “मेंढरांच्या गोष्टीतून बोध काय घेतलास, बाळ?” याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे. मी मंडळात नाही, म्हणून हे पत्र.

ती ‘बनगरवाडी’वर बोलत होती. पाठ केलेलं नव्हतं, हे तिच्या अडखळण्यावरूनच कळत होतं. ती म्हणाली, मास्तर सगळ्या गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि मग दुष्काळ पडतो नि धनगर मेंढरं घेऊन निघून जातात; मग त्या तालमीत आता कोण जाणार? माडगूळकरांच्या या कादंबरीवर 1955पासून पुष्कळ लिहिलं गेलंय. माणदेश, ग्रामीण वास्तव, औंध संस्थान, सगळं मी वाचलंय. रिकाम्या तालमीची काळजी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. आणि आपण तिला बोध विचारलात. ती गप्प झाली. आपण कागदावर काहीतरी खोडलंत. ते गुण असावेत.

अहो, कादंबरी म्हणजे काय सत्यनारायणाची कथा आहे, शेवटी फळ सांगायला?

पहिलं बक्षीस मिळालं ‘मृत्युंजय’ला. मुलगा हात उंचावून छान ओरडला, त्याचा काही दोष नाही. पण नंतर आपण बोलायला उठलात. ‘मृत्युंजय’ एकदा वाचलं की माणसाला दुसरं काही वाचावं लागत नाही, असं आपण म्हणालात, आणि ते आपण स्वतः तंतोतंत पाळलेलं दिसतं. कारण पुढच्याच वाक्यात आपण ती कादंबरी रणजित देसाईंच्या नावावर करून टाकलीत. देसाईंचं कर्णावरचं पुस्तक ‘राधेय’. ‘मृत्युंजय’ शिवाजी सावंतांचं, 1967चं. कर्णाबरोबर त्यात कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, भाऊ शोण बोलतो, बायको वृषाली बोलते, शेवटी कृष्णही बोलतो. आपल्या भाषणात फक्त कवचकुंडलं होती.

‘कोसला’ घेऊन आलेल्या कॉलेजच्या पोराला आपण “नायक आळशी आहे” एवढं सांगून बसवलंत, ते सोडून देतो. पांडुरंग सांगवीकरने याहून वाईट ऐकून घेतलंय. “आमच्या वेळी चिमणराव होते, हल्लीच्या टीव्हीवर विनोद कुठाय?” हेही आपण म्हणालात. दूरदर्शन रंगीत होण्याआधीचे प्रभावळकर आणि बाळ कर्वे मलाही प्रिय आहेत. पण त्यांची काठी करून आजच्या पोरांच्या पाठीत का घालायची?

मांडवातून घरी जाताना माझ्या डोक्यात तुम्हाला बोलायची आणखी बरीच वाक्यं होती. रात्री त्यातली निम्मी गळाली. कारण तुम्ही नि मी एकाच प्रकारच्या शाळेत शिकलोय. खिडक्यांना काळे कागद लावून हॉलमध्ये ‘श्यामची आई’ दाखवायचे, आठवतं? वनमालाबाई, माधव वझे, मागे प्रोजेक्टरची घरघर. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारते तेव्हा अख्खा हॉल चिडीचूप व्हायचा. ती चांगली आई आहे की भयंकर, हे कुणालाच धड कळायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर लिहायच्या: या चित्रपटातून मिळालेला बोध, दहा ओळी. अत्र्यांना या सिनेमासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आपल्याला निबंध मिळाला. त्या फोकाच्या माराची भीती कुणी लिहिली असती तर खाली लाल शेरा आला असता. मग आपण सगळ्यांनी ‘मातृप्रेम’ लिहिलं. तुम्ही बहुधा मी लिहिलं त्यापेक्षा सुबक अक्षरात.

पुढे कधीतरी, हॉस्टेलच्या खोलीत वगैरे, तुम्ही कर्णासाठी खरंच रडला असणार. त्याशिवाय इतक्या वर्षांनी माइकवर आवाज असा कापत नाही; तो कापला, मी ऐकला. तेव्हा तुम्हाला “का रे रडलास?” असं विचारणारं कुणी भेटलं नाही. पण म्हणून माझा राग कमी होत नाही. ती मुलगी अजून सातवीत आहे, आणि तिला तुम्ही भेटलात.

कळावे,
आपला एक श्रोता (तिसरी रांग, पंख्याखाली)

ता. क. काल रात्री साडेअकराला आपण सोसायटीच्या ग्रुपवर ‘हास्यजत्रे’ची क्लिप टाकलीत. सोबत बोध नव्हता, चिमणराव नव्हते, “हल्लीचा विनोद” नव्हता. हसून डोळ्यांत पाणी आलेले सात पिवळे चेहरे होते फक्त. ते परीक्षण मला पूर्ण मान्य आहे.