आंबा आढळला नाही

साठेकाकांकडे चहाला जायचं तर मत तयार ठेवून जावं लागतं. चहा ते देतात, भरपूर देतात, पण तो प्यायला नसतो, तपासायला असतो. कप आपल्या हातात दिला की ते समोरची खुर्ची ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "हं. काय लागतंय?"

"छान आहे काका."

"छान हा निकाल झाला. निरीक्षण सांग."

काका पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. उभी हयात बुश आणि शाफ्ट तपासण्यात गेली. भोक बरोबर पडलंय की नाही, हा तिथं मताचा प्रश्न नसतो. गो-नोगो गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल पास, नाहीतर बाजूला. ऑपरेटर हात जोडो की सुपरवायझर डोळे वटारो, गेजला कुणाची भीड पडत नाही. काकांनाही पडत नसे. त्यांच्या निरोप समारंभाला गर्दी चांगली झाली होती, पण काही जण खात्री करून घ्यायला आले असावेत असं काकूच म्हणतात.

निवृत्त माणसं काय काय करतात ते कोथरूडमध्ये रोज दिसतं. कोणी पहाटे टेकडी चढतं, कोणी सोसायटीचे हिशेब उकरतं, कोणी सगळ्या इमारतीला होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतं. काका यातलं काहीतरी करतील अशी आमची समजूत होती. पण मुलीनं "बाबा, आता निवांत चहा प्या" असं लिहून निरनिराळ्या स्वादांच्या चहाचा भलामोठा खोका पाठवला. खोका उघडताच काकांच्या लक्षात आलं, की इथं माल भरपूर आहे आणि गेज एकही नाही. मग त्यांनी आम्हाला गेज केलं.

वही आहे. लांबट, पुठ्ठ्याची, शिफ्टच्या नोंदींना असते तशी. लॉट, पाणी, वेळ, रंग, वास, चव, तपासणाऱ्याची सही, शेरा. होय, सही. चहा प्यायचा, सही करायची आणि मगच चपला घालायच्या.

पाण्यापासून त्यांची तक्रार सुरू होते. डब्यावर लिहिलेलं असतं, की पाणी १०० अंशांना उकळलेलं घ्या. काकांनी थर्मामीटर लावून बघितलं, पुन्हा बघितलं आणि जाहीर केलं, "पुण्यात १०० येतच नाही." खरंच येत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे, त्यामुळे इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. "मुंबईला ते सुख आहे," काका म्हणाले. पुण्यात जन्मलेला माणूस मुंबईबद्दल असं बोलतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक काळ्या चहापुढे 'दोन अंश डेव्हिएशन, नाइलाज' असा शेरा पडतो. हिरव्या चहाला ही अडचण नाही. त्याला ७५ ते ८० अंश पुरतात. जास्त तापलेलं पाणी घातलं तर तो कडवट होतो. काकूंना हे अजून पटलेलं नाही. "कोमट पाण्यात पाला बुडवायचा आणि बघत बसायचं, याला आमच्याकडे स्वयंपाक येत नाही असं म्हणतात."

तरीही हे सगळं आटोक्यात राहिलं असतं. पण काकांना कुठूनतरी कळलं, की चहा करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ ३१०३. ही थाप नाही. ९००१ ज्यांनी काढलं त्याच संस्थेचं, १९८० सालचं. पांढरं चिनी मातीचं भांडं, १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकण लावून ६ मिनिटं. दूध घालायचं असेल तर ते कधी घालायचं हेसुद्धा त्यात आहे. याचं मूळ ब्रिटिश मानक ज्यांनी लिहिलं त्यांना १९९९ साली इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात ते. काकांना पहिला भाग लागू पडला नाही. ते हसले नाहीत. त्यांनी सोनाराचा असतो तसला वजनकाटा मागवला.

आता त्या मानकात एक गोम आहे. ते चहा चांगला व्हावा म्हणून लिहिलेलंच नाही. दोन चहांची तुलना करता यावी, सगळीकडे एकाच रीतीनं व्हावी, एवढाच त्याचा हेतू. ६ मिनिटांत पानातलं होतं नव्हतं ते सगळं उतरतं, गुण आणि अवगुण दोन्ही. तपासणाऱ्याला तेच हवं असतं. आमच्यासारख्या सहज डोकावलेल्यांना नको असतं. पण सांगायचं कोणी? त्या ६ मिनिटांत बोलायलासुद्धा बंदी. बेसनाचा लाडू समोर असतो, त्याला हात लावला तर "जीभ बिघडते." स्टॉपवॉच टिकटिकत असतं, काका कपाच्या झाकणाकडे बघत असतात, आणि आपण भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थी शोधत असतो.

मग भुरका. काकांनी वाचलं, की चहा चाखणारे धंदेवाईक लोक चमचाभर चहा मोठ्ठा आवाज करून ओढतात. कलकत्त्यात १८६१ पासून चहाचे लिलाव चालत आले आहेत, तिथंही हीच रीत. हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर उडतात, वास घशामागून नाकात चढतो, आणि मग चहा थुंकून टाकायचा. भुरक्याला घरातून हरकत आली नाही, कारण आजी अजून बशीत ओतून तसाच पितात आणि शास्त्र उशिरा का होईना आपल्या बाजूला आलं असं त्यांना वाटलं. थुंकण्यावर मात्र काकूंनी पहिल्याच दिवशी लाल शेरा मारला. त्यामुळे आम्हाला गिळावं लागतं.

आजी म्हणजे काकांच्या आई. वय नव्वदीला टेकलेलं, दात गेले, नाक शाबूत. एकदा चीनच्या फूच्येन प्रांतातला लॅपसांग सूचाँग निघाला. वूयी डोंगरातला, पाईनच्या लाकडांच्या धुरावर वाळवलेला. डबा उघडताच घरभर वास सुटला. आम्ही तिघं-चौघं शब्द शोधत होतो. मी "स्मोकी" म्हणालो, कोणी "लेदर" म्हणालं. आजींनी कप नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"बंबातलं पाणी आहे हे. आंघोळीचं. प्यायला का देतोस रे बाळ?"

काका उभे राहिले. मी त्यांना इतकं हललेलं कधी बघितलं नव्हतं. ढलपी पेटवलेल्या बंबाची तोटी सोडली की वाफेबरोबर धूर यायचा, तोच वास, तंतोतंत. वहीत 'वास' या रकान्यात त्यांनी 'बंब' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. नंतर जपानचा भाजलेला तांदूळ घातलेला हिरवा चहा आला, त्याला आजींनी "खरवड" म्हटलं. तेही बरोबर होतं. आमच्यातलं सर्वांत अचूक गेज त्याच आहेत. पण सही करत नाहीत. "माहेरच्या घराच्या वेळी भावांनी अशीच सही घेतली होती. चहा पाजूनच." त्या नोंदींपुढचा रकाना रिकामा आहे आणि काकांना तो सलतो.

त्या वहीत साठेकाकांचं स्वतःचं मत एकदाही आलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मोजणाऱ्यानं मोजमापात मिसळायचं नसतं." तत्त्व म्हणून मला ते फार आवडलं. मग काकू कप उचलायला आल्या आणि म्हणाल्या, "तत्त्व कसलं हो. कारखान्यात कुलंटचा वास सहन होईना म्हणून तपकीर लावून घेतली, ती अजून सुटलेली नाही. घरात गॅस गळला तर मला सांगावं लागतं. यांना जास्मिन कुठून कळणार?" काकांनी खिशातली डबी हातानं झाकली आणि स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

जास्मिनवरून आठवलं. त्या चहात मोगऱ्यासारखी फुलं असतात असं मी समजत होतो, पण खरं काम फुलं काढून टाकायच्या आधी झालेलं असतं. जास्मिनच्या कळ्या रात्री उमलतात. तेव्हा त्या चहाच्या पानांबरोबर ठेवायच्या, पानं वास पिऊन घेतात, सकाळी फुलं चाळून टाकायची, दुसऱ्या रात्री नवी फुलं. चांगल्या मालाला हे पुन्हा पुन्हा करतात. काका हे भारावून सांगत होते. काकू म्हणाल्या, "रात्रीचा गजरा मी फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला तेव्हा तुम्ही ओरडला होतात." अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या इटलीतल्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. त्याचा वास माझ्या मते दाढी झाल्यावर गालाला लावण्याच्या लायकीचा आहे, आणि तशी नोंद माझ्या सहीनिशी आहे.

कॅमोमाइल, जास्वंद, दक्षिण आफ्रिकेचा रूईबॉस यांना काकांनी 'नॉन-कन्फर्मिंग' अशी लाल चिठ्ठी लावून वेगळ्या फळीवर टाकलं. का, तर ही चहाची पानंच नाहीत. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस. बाकी सगळे काढे. इथवर कोणी काही बोललं नाही. पण त्याच न्यायानं त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीतल्या गवती चहालाही चिठ्ठी लावली. त्या स्वतः वर आल्या. "पावसाळ्यात नाक गळायला लागलं की पातेलं घेऊन खाली कोण येतं ते बघते मी," एवढंच म्हणाल्या. पुढचा पाऊस पडायच्या आत चिठ्ठी निघाली. शेऱ्यात 'विशेष बाब म्हणून सवलत' असं आहे.

निळ्या चहाचं तर बोलूच नये. थायलंडहून आलेली ती वाळकी फुलं काकूंनी बघितली, खिडकी उघडली आणि खाली बोट दाखवलं. कंपाउंडच्या भिंतीवर गोकर्णीचा वेल आहे, आजी रोज त्यातलीच फुलं देवाला वाहतात. लिंबू पिळल्यावर निळ्याचा जांभळा झाला तेव्हा इमारतीतली मुलं खूश झाली. काकांचा चेहरा मात्र पुडीवरच्या किमतीवर खिळला होता.

आपल्या उकळलेल्या चहाबद्दल विचाराल, तर काकांच्या मते तो रिवर्क केलेला माल आहे. वास झाकायला आलं, रंग झाकायला दूध, चूक झाकायला साखर. नाक्यावरच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यापुढे उभं राहून त्यांनी हे मला सांगितलं, तेव्हा मालकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हा त्याचा मोठेपणा. पण चहाच्या दाण्यावर ते बोट ठेवू देत नाहीत. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. दातेरी रोलरांच्या जोडीतून पान चिरडत, फाडत, वळत जातं आणि बारीक टणक दाणा पडतो. तो चटकन रंग सोडतो, म्हणून तर घरोघरच्या पातेल्यात तो पोचला. "दाणा बघ. टॉलरन्स बघ," काका चिमटीत पूड धरून म्हणतात. चहा त्यांना आवडत असेल-नसेल, यंत्र फार आवडतं.

आता आंब्याचं. एका कंपनीची 'मँगो' चहाची ५० ग्रॅमची पुडी आली. आम्ही सगळे प्यायलो आणि सगळ्यांना आंबा लागला. सगळ्यांचं एकमत झालं, इथंच काकांना संशय आला. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी उरलेली पुडी वर्तमानपत्रावर ओतली, चिमटा घेतला आणि भिंग लावून माल वेगळा केला. चहाची पानं एकीकडे, वाळक्या सफरचंदाच्या फोडी एकीकडे, झेंडूच्या पाकळ्या एकीकडे. प्रत्येकाचं वजन केलं. आंब्यापुढे लिहिलं, 'निरंक'. पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरात होतंही तसंच, की स्वाद घातलेला आहे. पण ते बारीक अक्षर काकांना शेवटी दिसलं.

कंपनीला पत्र गेलं. मी वाचलं आहे. 'सदर मालात आंबा आढळला नाही. झेंडू आढळला. झेंडूबाबत आमची दसऱ्यापुरती तक्रार नाही.' सोबत वजनांचा तक्ता, आम्हा साक्षीदारांची नावं.

आठवड्यात फोन आला. काकांनी स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, अ‍ॅक्चुअली आम्ही फ्रूट नाही, मँगोचा एक्स्पीरिअन्स देतो."

"किती ग्रॅम?" काकांनी विचारलं.

ती थांबली. मग म्हणाली, वरिष्ठांशी बोलते. वरिष्ठांनी तोच मार्ग काढला जो काकांच्या कारखान्यातले व्हेंडर काढत असत. दिलगिरीचं पत्र आणि त्याबरोबर एक खोका, मुलीनं पाठवला होता त्याच्या दुप्पट. अननस, चॉकलेट, गुलकंद, पान, पेरू-मिरची. काकांनी त्यावर तारीख घातली, नवा लॉट क्रमांक दिला आणि प्रत्येक दारावर जाऊन वेळ सांगून आले. माझी पाळी संध्याकाळी साडेपाचची.

जिन्यात काकूंनी गाठलं. हातात भाजीची पिशवी, आवाज एकदम खाली. "आज अननस आहे. लागला नाही तरी लागतोय म्हणा हो. तक्रार गेली की खोका येतो."