मोडीचा भाव

२२ सप्टेंबर २०२५ ला घरोघरी घट बसले आणि त्याच सकाळी आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी असलेली गाडी, जागची न हलता, स्वस्त झाली. छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा उपकर जाऊन त्या दिवसापासून १८ टक्के लागू झाला होता. नवी उतरली की जुनीलाही उतरावंच लागतं, हा बाजाराचा शिष्टाचार आहे. आदल्या संध्याकाळी मनाशी धरलेली तिची किंमत रात्रीतून गेली कुठं, हे पाहायला मी उगाच तिच्याभोवती एक फेरी मारली. चारही टायर जागेवर होते. आरसे होते. बॉनेटवर शेजारची मांजर रोजच्यासारखी ऊन खात बसली होती आणि केंद्र सरकारच्या निर्णयाची तिनं दखल घेतल्याचं काही दिसत नव्हतं.

गाडीची किंमत हा मुळातच धुक्यातला प्रांत आहे. विम्याच्या दरपत्रकात तिचा एक तक्ता असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीचे ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, मग ४०, आणि पाच वर्षांपर्यंत ५०. इथवर तक्ता पाढा म्हणावा तसा ठेक्यात चालतो. पुढच्या ओळीत मात्र त्याचा धीर सुटतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनीनं आणि मालकानं आपसांत ठरवावी, एवढं म्हणून तो गप्प होतो. मला ही ओळ फार आवडते. एका रुक्ष कागदानं इतक्या लवकर हात टेकावेत आणि दोन अनोळखी माणसांना ‘बसा, बोला’ म्हणावं, यात मोठा समजूतदारपणा आहे. आमची वॅगनआर २०१३ ची. म्हणजे आकड्यांची हद्द ओलांडून ती केव्हाचीच बोलण्याच्या मुलखात राहायला आलेली.

आणि बोलण्यातच माझी पंचाईत होती. नवी गाडी घ्यावी म्हणून बरेच दिवस मी घरात या गाडीविरुद्ध एकेक पुरावा गोळा करत होतो. एसी साकोली येईपर्यंत गार होत नाही. तिसरा गिअर रुसतो. पावसाळ्यात मागचं दार आतून उघडत नाही. अखेर हिला ते पटलं, आणि ज्या दिवशी पटलं त्याच दिवशी मला बाजू बदलावी लागली. कालचा फिर्यादी आज आरोपीचा वकील. कुणी विचारण्याआधीच मी सांगू लागलो, “एसी उत्तम आहे, फक्त त्याला घाई आवडत नाही.” स्वयंपाकघरातून आवाज आला, “तुम्हीच म्हणत होता ना, यापेक्षा खिडकी बरी?” दीर्घ संसारात घरात एक साक्षीदार कायमचा हजर असतो, आणि तो फुटत नाही.

मुलानं पुण्याहून मोबाइलवर एक आकडा पाठवला होता. तिकडं याच मॉडेलला दोन लाखांच्या वर मिळतात म्हणे. पुण्यात सगळ्यालाच जास्त मिळतात, टोमॅटोलाही, असं मी त्याला कळवलं.

शोरूमचा पोरगा गाडी पाहायला खात रोडवरच्या घरी आला. विशी नुकती ओलांडलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि खिशात मुठीत मावेलसं एक यंत्र. ते पत्र्याला टेकवलं की रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दिसते. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन, माणसाच्या केसाहून थोडा जाड. आकडा त्याच्या फार वर गेला की समजायचं, इथं कुणीतरी काहीतरी झाकलंय. असलं यंत्र माणसांसाठी अजून निघालेलं नाही, ही परमेश्वराची कृपा. पोरगा बॉनेटपासून निघाला, १२०, ११०, १२५ असं पुटपुटत डावीकडच्या मागच्या दारापाशी आला आणि थबकला.

“काकाजी, इथं तीनशे चाळीस दाखवून राहिलं जी. अ‍ॅक्सिडेंट?”

“पोळा,” मी म्हणालो.

शिंगांना बेगड आणि अंगावर झूल घातलेला एक बैल, तोरण तुटल्यावर बँडच्या आवाजानं बुजून, आमच्या गाडीशी सलगी करून गेला होता. मालक बिचारा भरपाई द्यायला निघाला. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या नावानं दंड घ्यायचा कसा? हिनं उलट त्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी खाऊ घातली आणि मग दाराचा पोचा पाहून डोक्याला हात लावला. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्यानं आदरानं ऐकून घेतलं. पण त्याच्या टॅबमधल्या यादीत ओरखडा होता, पोचा होता, गंज होता, ‘पुन्हा रंगवलेलं’ होतं, पोळा नव्हता. त्यानं नाइलाजानं ‘पुन्हा रंगवलेलं’वर बोट ठेवलं आणि साडेतीन हजार गेले.

मग त्यानं पुढच्या सीटचा पट्टा ओढला. ओढतच राहिला, पार मुळापर्यंत. हे कशासाठी ते मला विचारावं लागलं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली, आणि खाली गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. पुरात बुडालेली गाडी धुता येते, आतला गालिचा बदलता येतो, सुगंधही मारता येतो. पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या अगदी आतल्या वेढ्यापर्यंत कुणी जात नाही, आणि गाळाची रेघ तिथं राहून जाते. आमचा पट्टा कोरा निघाला. त्या दिवसांत गाडी साकोलीला बहिणीकडं होती; घरात गुडघाभर पाणी आणि अंगणात गाडी नाही, याचं तेव्हा दुःख की समाधान मानावं तेच आम्हाला कळेना. खात्री करून घ्यायला त्यानं पायाखालचा गालिचाही उचलला. गाळाच्या जागी धान निघालं. दिवाळीनंतर गावाकडचं पोतं गिरणीवर नेताना सांडलेले दाणे, तूस, सुतळीचा एक तुकडा. पोरानं त्यातला एक दाणा उचलून नखानं सोलला, नाकापाशी नेला.

“चिन्नोर,” तो म्हणाला. “आमच्याकडंही लावते जी.”

यासाठीही यादीत रकाना नव्हता, पण या खेपेला त्यानं कापलं काही नाही. क्लचचे कापले, टायरचे कापले, मागच्या सीटवरच्या डागाचे दोन हजार कापले, आणि टॅबवर आकडा उमटला: १ लाख ३२ हजार. एक कुटुंब बारा वर्षं ज्यातून लग्नाला, दवाखान्यात, परीक्षेला आणि तेराव्याला गेलं, त्याची बेरीज अशी काचेवर उमटताना पाहिली की आपण रागवायचं की हसायचं, हे पटकन सुचत नाही. मी त्याला चहा विचारला.

पुढची सूत्रं हिनं हातात घेतली. ही भंडाऱ्याचीच, मोठ्या बाजाराजवळच्या घरातली. पितळेच्या भांड्यांसाठी या गावाचं नाव दूरवर गाजलेलं, आणि जुनं देऊन नवं घ्यायची विद्या इथल्या मुली आईच्या बोटाला धरून शिकत. हिची आई चिरलेला गुंड घेऊन दुकानात शिरायची ती थेट मोडीचा भाव विचारायची. फळीवरच्या लखलखत्या मालाकडं मान वळवायची नाही, मुलीनंही वळवायची नाही. आपली नजर कुठल्या भांड्यावर आहे हे दुकानदाराला कळलं, की मोडीचा भाव पडलाच म्हणून समजावं. जुन्याचं वजन व्हायचं, डागाची घट वजा व्हायची, किलोचा भाव लागायचा, आकडा कागदावर यायचा. तो कागद मुठीत आला की मग सावकाश नव्याकडं वळायचं. त्याचं वजन वेगळं, भाव वेगळा, मजुरी वेगळी. दोन्ही हिशोब एकमेकांना भेटायचे ते अगदी शेवटी. आणि सगळं झाल्यावर, उठता उठता, ‘वरचं’ म्हणून एक पळी किंवा वाटी मागायची.

हे ऐकताना मला नेहमी त्या तराजूचा हेवा वाटत आला आहे. त्या गुंडातून कुणाच्या बाळंतपणाचं पाणी तापलं, तो कुणाच्या हातून पायरीवर आपटला, कुठल्या भांडणात, हे तराजू विचारत नसे. पोच्यानं पितळेचं वजन घटत नाही. गाडीचं तसं नाही. तिच्यात लोखंड किती याला कुणी विचारत नाही. तिच्या पोच्यांचाच हिशोब होतो, आणि पोचे म्हणजे तर आम्हीच.

शोरूम महामार्गाला लागून, पूर्वीच्या सहा नंबरच्या, आताच्या ५३ च्या. मधोमध नवी गाडी दिव्यांखाली उभी होती, लाल, बोहल्यावर चढायच्या तयारीत. मी आत शिरताच तिच्याकडं पाहत राहिलो. हिनं खुर्ची फिरवून तिच्याकडं पाठ केली आणि माझीही फिरवली.

“काकाजी, तुम्ही फक्त फरक पाहा जी,” मॅनेजर म्हणाला. “वर किती द्यायचे, एवढंच. एक्स्चेंज बोनस वीस हजार धरून...”

“आधी मोडीचं बोला,” ही म्हणाली.

“मोडीत कशाला काकू, चालू गाडी आहे.”

तिनं दोन कोरे कागद मागितले. आमच्याकडं जुनी गाडीच नाही असं समजून नवीची किंमत एकावर लिहायची. आम्हाला नवी घ्यायचीच नाही असं समजून जुनीची दुसऱ्यावर. मॅनेजर हसला, चहा सांगितला, मग लिहू लागला. लिहिता लिहिता त्याचं हसू जरा पातळ झालं, कारण ‘फरक’ नावाच्या धूसर खोलीत जे दोन आकडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसले होते त्यांना आता उजेडात वेगवेगळं उभं राहावं लागत होतं. बोनसचे वीस हजार एका कागदावर दिमाखात होते, आणि जवळपास तेवढेच दुसऱ्या कागदावरून बेपत्ता होते. ही काही बोलली नाही. दोन्ही कागद तिनं शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवून.

मॅनेजरनं मग त्याच्या बाजूची दुःखं सांगितली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. जुन्या गाडीवर व्यापाऱ्याला सुटणाऱ्या नफ्यावरचा कर २०२५ च्या सुरुवातीला १२ वरून १८ टक्के झाला आहे. नवीच स्वस्त झाल्यावर जुनी घेणार कोण? शिवाय एमएच ३६. “नागपूरवाले भंडारा पासिंग म्हटलं की भाव पाडते जी. म्हणते, गाडी धुऱ्यावरून चालली असंन.” हे मात्र मला लागलं. आमच्यातून १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदिया जिल्हा ३५ नंबर घेऊन आमच्या आधी जाऊन बसला, तेही आम्ही सोसलं. पण धुऱ्याचं बोलणं? मी काही म्हणणार एवढ्यात हिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. धुऱ्यावरून ही गाडी खरोखरच गेलेली आहे. पोतं आणायला.

आकडा थोडा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. शेवटी ती पोरानं केलेली यादी वाचू लागली, चष्मा नाकावर ओढून, बोट एकेका ओळीवर ठेवत. पोळ्याचे साडेतीन हजार तिनं बिनबोभाट सोडले. क्लचचे सोडले. टायरच्या ओळीवर तर तिनं मान डोलावली. ‘मागची सीट, डाग, २,०००’ या ओळीवर बोट आलं आणि तिथंच राहिलं.

“हे हळदीचे आहेत,” ती म्हणाली. “हे नाही कापायचे.”

धाकटीच्या लग्नात हळद लागल्यावर ती आणि तिच्या मावसबहिणी, सहाजणी मिळून, चौघींच्या जागेत कोंबून बसून, कार्यालयापर्यंत खिदळत गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरात कुणीही ती सीट पुसायला काढली नाही, आणि नंतर ती पुसून निघाली नाही. यातलं मॅनेजरला तिनं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्याला घासाघीस करता आली असती. तो तिच्या बोटाकडं पाहत राहिला, मग खिशातलं पेन काढून त्यानं ती ओळ खोडली, आणि खोडताना ‘हो काकू’ म्हणाला तेव्हा क्षणभर तो मॅनेजर नव्हता, कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढणारा पोरगा होता. हिनं चष्मा पुसला. लगेच पुढच्या ओळीवरून तिनं त्याच्याशी बॅटरीबद्दल वाद घातला आणि जिंकला.

१ लाख ५८ हजारांवर गोष्ट मिटली. फॉर्म २९ आणि ३० वर मी सह्या केल्या. ही गाडी पुढं कुठं जाईल, असं मी सहज विचारलं. बालाघाटकडं मागणी आहे, तो म्हणाला, मग आरटीओची एनओसी घ्यावी लागते, फॉर्म २८. त्याचीही सही आत्ताच करून ठेवा. केली. वैनगंगाही बालाघाटवरूनच आमच्याकडं येते, तेव्हा गाडी जराशी उलटी वर चढेल, एवढाच विचार मनात आला.

पेढे आले. मी उठलो, ही उठेना.

“वरचं?” तिनं विचारलं.

मॅनेजरला काही उमगलं नाही. मग पळीचा सगळा इतिहास त्याला थोडक्यात सांगण्यात आला. त्यानं खण उघडून सोनेरी किल्लीची एक साखळी काढली आणि अदबीनं दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. हिनं ती तळहातावर किंचित उडवून वजनाचा अंदाज घेतला, नखानं एक कोपरा खरवडला आणि साखळी टेबलावर ठेवली.

“पितळेची नाही,” ती म्हणाली.

मॅनेजरनं पुन्हा खण उघडला.