फिट-टू-रन

काही माणसं बाजारात वस्तू आणायला जातात. आमचे झाशीचे मामा वस्तूची उलटतपासणी घ्यायला जातात. कूलर कुठला घ्यायचा हे त्यांचं ठरेपर्यंत झाशीचा उन्हाळा, म्हणजे पारा पंचेचाळिशी ओलांडणारा उन्हाळा, संपून पाऊस सुरू झाला होता. मामी काही बोलल्या नाहीत. मामाच म्हणाले, "पुढच्या वर्षी लागेलच की!"

मामा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झाले. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या मागोमाग जी मराठी घरं या मुलखात आली, त्यांतलं त्यांचं एक. राहतात खंडेराव दरवाजाच्या आत. घरात मराठी, दारात बुंदेली आणि डोक्यात कारखाना.

नातवाला मासा हवा होता. काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश, इतकीच त्याची मागणी. मामांनी कागद काढला. पाणी कमी तितकी घाण लवकर साचणार. गोल्डफिश तर घाण करण्यात पटाईत. तेव्हा भांडं ही माशाची फसवणूक आहे. तर्क बिनचूक होता. मामांचा तर्क नेहमीच बिनचूक असतो, घरच्यांची अडचण तीच. त्या तर्काच्या शेवटी ओसरीत सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी येऊन बसली. चोवीस घनफूट, म्हणजे 680 लिटर. माडीवर ठेवायची टूम निघाली होती, पण काच, स्टँड, वाळू धरून वजन टनाच्या घरात जातं म्हटल्यावर मामांनी माडीच्या तुळयांकडे पाहिलं आणि "एक्सल लोड बसत नाही" असा निकाल दिला.

मग आला फिल्टर.

सदर बाजारातला मासेवाला भला माणूस. "बाबूजी, ये टॉप फिल्टर ले जाइए, सब यही लगाते हैं." सब लगाते हैं, एवढं ऐकलं की ती वस्तू मामांच्या मनातून उतरते. दोन फुटी टाकीचा फिल्टर सहा फुटी टाकीला? मग त्याने कॅनिस्टर दाखवला. बंद डबा, आत स्पंज आणि चिनी मातीच्या नळ्या, परदेशी खोका, देखणी चीज. मामांनी एकच प्रश्न विचारला. "लाइट गई तो?"

हा प्रश्न झाशीत विचारावाच लागतो. फिल्टरचं खरं काम कचरा अडवण्याचं नाहीच. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, तो विषारी. स्पंजावर, नळ्यांवर बॅक्टेरिया वसतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पुन्हा विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. या मंडळींना ऑक्सिजन लागतो. वीज गेली की बंद डब्यातलं पाणी जागच्या जागी थांबतं, आतला ऑक्सिजन बॅक्टेरियाच संपवतात आणि गुदमरायला लागतात. वीज आली की तो सगळा कुजका मसाला पंप इमानाने माशांच्या अंगावर ओततो. त्यात उन्हाळा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. आणि वीज जास्तीत जास्त जाते तीही मे-जूनमध्येच. मामांनी हे सारं दुकानात उभ्याने सांगितलं. मागे एक बाई पोपटाचा पिंजरा घेऊन ताटकळल्या होत्या, त्याही "हओ, हओ" म्हणत होत्या.

मासेवाल्याने हार न मानता बॅक्टेरियाची बाटलीच पुढे केली. मामांनी चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षर वाचलं. "नायट्रोबॅक्टर? अरे भाई, 1998 में अमेरिका के होवानेक साहब ने दिखा दिया, एक्वेरियम में यह काम नायट्रोस्पायरा करता है." मासेवाल्याने बाटली हळूच आत ठेवली.

त्या दिवसांत मामांबरोबर कुठेही जाण्याची सोय नव्हती. महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. झाशीचे राजे गंगाधरराव यांची छत्री तिथे जवळच, समोर लक्ष्मीताल. मामा देवीला पाठ करून तलावाकडे बघत उभे. मी म्हटलं, इतिहास आठवत असेल. तर म्हणाले, "याचं सगळं पाणी तासाला चारदा फिल्टरमधून फिरवायचं, म्हणजे चौपट टर्नओव्हर द्यायचा, तर पंप केवढा लागेल रे?"

अखेर संप ठरला. टाकीखाली दुसरी उघडी टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली येणार, गाळत गाळत पुढे सरकणार आणि पंप ते वर चढवणार. उघडी असल्याने हवा भरपूर. बॅक्टेरियांना बसायला महागड्या नळ्या कशाला, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्याही चालतात. पृष्ठभाग मिळाल्याशी मतलब. माणिक चौकातल्या दुकानदाराने पोतंभर घासण्या बांधून देताना विचारलं, "होटल खोला है, दद्दा?"

पंपाच्या खोक्यावर लिहिलं होतं ताशी 4000 लिटर. छापील आकड्यावर मामांचा विश्वास नाही. नळी टाकीच्या उंचीला बांधली, खाली वीस लिटरची बादली, हातात नोकरीतलं घड्याळ. खोकं खरं असेल तर बादली अठरा सेकंदांत भरायला हवी. सत्तावीस लागले. "ताशी 2667," मामा विजयाने म्हणाले, जणू 1333 लिटरची चोरी पकडली. पण 680 ची चौपट 2720. पंप 53 लिटरनी कमी! घरात सुतकी शांतता. रात्री साडेअकराला मामा अंथरुणातून उठले. टाकी काठोकाठ भरतं कोण? पाणी दोन इंच खाली ठेवलं की उरतं 623. चौपट 2492. पास.

पुढची काळजी, वीज गेल्यावर वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येऊन ओसरीत पूर येण्याची. त्यावर उपाय म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओघ तुटतो. मामा ट्रायल घ्यायला मेन स्विचपाशी गेले, हात लावला न लावला तोच वीज आपणहून गेली. पाणी दीड इंच उतरून थांबलं. या टाकीत इंचाला अठ्ठावीस लिटर, म्हणजे बेचाळीस लिटर खाली आले आणि संपात मावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाले, "ही धरता येणार नाही. स्विच मी बंद केला नव्हता." वीज आल्यावर पुन्हा घेतली.

आता तरी मासे? छे. बॅक्टेरियांची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर त्यांना खायला अमोनिया हवा. म्हणून मामा रोज सकाळी रिकाम्या टाकीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकतात. ते कुजलं की अमोनिया. शेजारीपाजारी कट्ट्यावरून बघतात. नातू शाळेत सांगतो, आमचे मासे दिसत नाहीत. "बीपीसी, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, मिळाल्याशिवाय गाडी यार्डातून सुटत नाही," हे मामांचं उत्तर. छोटी वेगळी टाकीही तयार आहे, आजारी माशांसाठी. तिचं नाव, नादुरुस्त वॅगन जिथे उभ्या करतात त्या रुळावरून, सिक लाइन. फिल्टरच्या पीओएचचं, म्हणजे ठरावीक मुदतीने करायच्या दुरुस्तीचं, वेळापत्रक भिंतीला लागलंय, खाली ताकीद: घासण्या नळाखाली धुवू नयेत, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. ताकीद कोणासाठी हे मामींना ठाऊक आहे.

परवा डेंग्यूच्या अळ्या शोधणारी मंडळी आली. कूलर बघितला, कुंड्या बघितल्या, ओसरीत येऊन थबकली. एवढं पाणी, आणि आत काहीच नाही.

"बाबूजी, यह क्या है?"

"एक्वेरियम."

"मछली?"

"अभी नायट्राइट शून्य नहीं आया है."

त्यांतला वयस्कर माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "एक काम कीजिए, इसमें मछली डाल दीजिए. लार्वा खा जाती है." मामींनी आत जाऊन तोंडाला पदर लावला. मामांनी मात्र त्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि वाहत्या पाण्यात हे डास अंडी का घालत नाहीत इथपासून सुरुवात केली. उठताना त्या गृहस्थांनी वहीत नोंद केली: टंकी एक, मछली शून्य, लार्वा शून्य. मामांनी त्याखाली 'प्रवाह ताशी 2667 लिटर' एवढं लिहून घेतलं, सही घेतली, आणि त्या पानाची झेरॉक्स काढून फाइलला लावली.