मूळ गळती

अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या दर्दी मंडळींचं कौतुक करावं तेवढं थोडं. १९६६ च्या मस्टँगच्या सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सखाली चार लाल थेंब दिसले, की सामान्य माणूस तळाच्या पॅनचं गॅस्केट बदलून मोकळा होतो. दर्दी माणूस बोल्ट आवळतो. गळती वाढते, तो आणखी आवळतो. पत्रा वाकतो, निष्ठा वाकत नाही. गॅस्केट फेकायचं कसं? मूळ कारखान्यातलं आहे! त्या न्यायाने थेंबही मूळचेच. ते क्रमांक घातलेल्या बाटल्यांत भरून गाडीसोबत लिलावात मांडावेत. (तेल मधे कितीदा बदललं, हे विचारणं असभ्यपणाचं.)

अखेर एका सकाळी फरशी कोरडी ठणठणीत! गळती थांबल्याच्या आनंदात मंडळी जमली, बीअर फुटली, इंजिन गुरगुरलं, गिअर पडला. गाडी जागची हलली नाही.