सागवानाला लागत नसते

आमच्या महागावात उधई कुणाच्याच घरी नसते. ती कायम शेजाऱ्याकडे असते. पुण्या-मुंबईकडे तिला वाळवी म्हणतात. परेश मोकाशींनी तर 2023 साली त्या नावाचा सिनेमाच काढला. आम्ही तो हसत पाहिला, कारण तेव्हा ती शेजाऱ्याकडे होती.

गेल्या जूनमध्ये आत्या आली. चप्पल काढता काढताच नाक वर करून म्हणाली, "कशाचा वास येऊन राहिला रे?" आम्ही सगळ्यांनी हुंगून पाहिलं. कुणालाच काही आला नाही. बायको म्हणाली, पावसाळी दमटपणा. मी म्हणालो, कोपऱ्यातलं बारदान. आत्या तोवर मागच्या खोलीत पोचली होती आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होती, बाजारात टरबूज ठोकून घेतात तशी. वर ठण्ण, मध्ये ठण्ण, खाली आल्यावर भद्द.

"पण आत्या, सागवान आहे!" यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाचा हा शेवटचा बचाव. सागवानाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, हे खरं; पण सुतारानं सालीलगतचं पांढुरकं लाकूडही चौकटीत खपवलं असेल, तर ते तिला वाढलेलं ताट. आत्यानं नखानं रंग दाबला. पापडासारखा मोडला. आत ओल्या मातीचं अस्तर आणि तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या जिवांची पळापळ. तेव्हा कुठे वास आमच्याही नाकाला लागला: कुबट, भिजून बंद पेटीत राहिलेल्या वहीचा.

मग एकेक आठवलं. भिंतीवर चढलेली पेन्सिलीएवढी मातीची रेघ. त्यासाठी मी पोरांना रागावलो होतो. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पडलेला पंखांचा सडा. तो बायकोनं दोनदा झाडून टाकला. पंख टाकून त्यांची जोडपी नवा संसार थाटायला निघतात, हे मी पोरांच्या पुस्तकात वाचलं. उधई मुंगीची नव्हे, झुरळाची नातलग, हेही त्यातच होतं. ते ऐकून आत्या म्हणाली, "तरीच."

माग काढत गेलो तर निघाली पऱ्हाटी, म्हणजे सरपणाला ठेवलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या. घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली, तरी शेतातून उपटलेली पऱ्हाटी मागच्या भिंतीला टेकवून रचायची आमची सवय गेलेली नाही. ढीग जमिनीला टेकलेला, भिंतीला चिकटलेला. तिला यायला याहून सोपा रस्ता कोणता?

आता ढीग हलवलाय. कुंपणापाशी. कुंपण शेजाऱ्याचं आहे.